दुपारचा श्वास

"आली," राघोत्तमराव पुटपुटले आणि पडल्यापडल्याच हात लांब करून त्यांनी टेबलफॅन बंद केला.

भर दुपार. मैलापूरच्या तळ्यामागची गल्ली उन्हाने चिडीचूप झाली होती. त्या शांततेत, अगदी कानाशी, तो श्वास. बारीक शीळ घालत वर जाणारा आणि शेवटी अडखळून खाली येणारा. महालक्ष्मीबाईंचाच! दम्याच्या बायकोशेजारी जन्म काढलेल्या माणसाला काय ओळख पटवायची? बाई दिवाळीत गेल्या आणि पोंगलनंतर परत आल्या, असा रावांचा साधा हिशेब होता.

नीट ऐकावं म्हणून राव आपला श्वास रोखत, तर तीही थांबे. जन्माची लाजाळू, मेल्यावर थोडीच बदलणार! भीती अशी त्यांना वाटलीच नाही. उलट दुपार कधी होतेय असं होऊन जायचं.

पण खोकला वाढला. अंगावरचं मांस झडलं, चार पावलं टाकली की धाप लागे. क्षयच असणार म्हणून सरोजाच्या तोंडचं पाणी पळालं. सरोजा त्यांची थोरली लेक, शाळेत शिक्षिका, लग्न न करता आईबापांपाशी राहिलेली. छातीचा फोटो काढून झाला, क्षय निघाला नाही. शेवटी तिने डॉक्टर राममूर्तींना घरीच बोलावलं.

"दुपारी ती येते," राव हळूच म्हणाले. "मी ऐकलो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नळी रावांच्या छातीवर टेकवली आणि तिची टोकं रावांच्याच कानांत घातली. शीळ वर गेली, अडखळली, खाली आली. महालक्ष्मी त्यांच्या छातीत बसली होती! रावांच्या अंगावर काटा आला, तो तेव्हा पहिल्यांदा.

डॉक्टरांनी पलंग हुंगला. उशी उचलली, तिचा कशिद्याचा अभ्रा काढला, शिवण उसवली. आतला सावरीचा कापूस काळाहिरवा पडला होता. भुरकन भुकटी उडाली.

"बुरशी," डॉक्टर म्हणाले. "रोज नाकावाटे फुप्फुसात जाते आहे. उशी कुणाची?"

गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी, चादर, बाईंनी हौसेने कशिदा काढलेली उशांची जोडी, सगळं दहाव्याच्या आत बाहेर गेलं, असं घरात सगळे धरून चालले होते. रावांनी त्यातली एक उशी चोरली होती आणि तिकडे दिवाळीतच लागणाऱ्या पावसात न्हाणीमागच्या ओल्या कोठीत लपवली होती. पोंगलनंतर सरोजा शाळेत गेली की ते ती काढून दुपारी उशाला घेत. मान खाली घालून त्यांनी ते कबूल केलं.

"जाळून टाका. नाहीतर वर्षभरात फुप्फुसं दगड होतील."

"अय्यो अप्पा, असं कुणी करतं का?" सरोजा रडत रडत रागावली. तिनेच ती उशी परसात नेऊन जाळली. राव पाठ फिरवून उभे राहिले. बायकोला दुसऱ्यांदा अग्नी दिल्यासारखं त्यांना झालं.

गोळ्यांनी गुण आला. खोकला गेला, भूक लागू लागली, राव तळ्याला फेरी मारू लागले. शीळही गेली. छाती मोकळी झाली आणि घर ओकंबोकं. तरी दुपारी पंखा बंद करून ते उगीच पडून राहत. मेली सवय, दुसरं काय!

आणि सुट्टीतल्या एका दुपारी ती आली. तीच शीळ, तेच अडखळणं.

"आलीस होय!" रावांचे डोळे भरून आले. सवयीने त्यांनी श्वास रोखला.

शीळ थांबली नाही.

राव ताडकन उठून बसले. छातीवर हात ठेवला, छाती गप्प होती. आवाज भिंतीपलीकडून येत होता. शाळेला सुट्टी असली की सरोजा तिकडे दार लावून झोपे. धडपडत जाऊन त्यांनी दार ढकललं.

सरोजा कुशीवर झोपली होती. तोंड उघडं, ओठ निळसर. गालाखाली जोडीतली दुसरी उशी.

रावांनी उशी खसकन ओढली. सरोजा जागी झाली, पण तिने उशी दोन्ही हातांनी उराशी घट्ट धरली.

"आई काय तुमच्या एकट्याचीच होती, अप्पा?"