तिसरा आणि चौथा नंबर

हातांनीही चेंडू झेलायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगसाठी सांगलीत क्लब आपला नंबर येईल तशी एकेक पोर निवडत होते. कडेगावच्या कोच संयोगितानं आपला पहिला नंबर साताऱ्याच्या कोचना देऊन त्यांचा तिसरा आणि चौथा घेतला, तेव्हा ते हसले, "बाई, हातातला घास दिलासा की." तिला माणच्या मेंढपाळाच्या दोघी लेकी हव्या होत्या. ठेंगणी धाकटी न बघता चेंडू धाडायची, उंच थोरली हवेतच झेलायची. आईनं बजावलं होतं, "दोघी एकाच क्लबात, न्हाईतर दोघीबी मेंढरांमागं." साताऱ्याच्या कोचची नजर थोरलीवर रेंगाळली, पण त्यांनी सुभेदाराची दणकट पोर निवडली. दुसऱ्या नंबराच्या रहिमतपूरनंही थोरलीला सोडलं. संयोगितानं उठून धाकटीचं नाव घेतलं. "आवं, थोरली सोडून लिंबू घेतलं?" साताऱ्याच्या कोचनी चिडवलं. "पुढचा नंबरबी माझाच हाय, दादा." आपलं नाव ऐकताच थोरलीनं धाकटी कोकरासारखी खांद्यावर घेतली.