मुलाखत एकांतात घ्यावी

“बारकीताई, तुम्हीसुद्धा बाहेर!” विनिताने चौथ्यांदा दाराकडे बोट दाखवलं.

बारकी खिदळत गेली आणि जाताना एक कोंबडी आत सोडून गेली. मग कोंबडीही हाकलावी लागली. घरातली मारहाण आणि बायकांची तब्येत हा विनिताच्या अभ्यासाचा विषय. मुलाखत एकांतात घ्यावी, हा त्यातला पहिला नियम. पण कासा गावाजवळच्या या पाड्यावर एका बाईला प्रश्न विचारायचे म्हणजे आठ बायका हजर! शेवटी तिने दार ओढून कडी लावली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

समोर गंगी बसली होती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मार खाल्लेल्या बाईला अभ्यासाची जीप लगेच कासाच्या दवाखान्यात नेणार होती. फक्त तिने तसं सांगायला हवं होतं.

“नवऱ्याने कधी हात उचलला?”

“नाय.”

“मग कानाला काय झालं?”

“पडलू.”

“झोप लागते?”

“लागते की.”

विनिता खट्टू होऊन प्रश्नावलीत खुणा करत राहिली.

“खोटं बोलते गंगी!” कुडाची भिंत ओरडली.

कारवीच्या त्या भिंतीला फटी होत्या आणि प्रत्येक फटीत एक डोळा होता. पलीकडे एकच हशा पिकला. त्यांच्यातल्या भिकीला तर ठसका लागला. नियमाचे तीनतेरा वाजले होते. विनितालाही हसू आवरेना. तिने हात जोडले आणि कडी काढली. आठही जणी एकमेकींच्या पायात पाय घालत आत कोसळल्या, कोंबडी सगळ्यांच्या आधी. कुणी गंगीला खेटून बसली, कुणी तिच्या मांडीवर आपलं पोर टाकलं.

गंगी इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग स्वतःच म्हणाली, “विचारा ताय, पयल्यापासून.”

आता तिचा आवाज खणखणीत होता. नवरा लाहू मारायचा. कान त्यानेच फोडला. झोप नाही, घास उतरत नाही. एखादा मार सांगायचा राहिला की बारकी आठवण करून द्यायची. भिकीने तेवढ्यात जीपवाल्याला हाकही मारली. सगळ्याच जणी सोबत जाणार होत्या, तो प्रश्नच नव्हता. विनिताला तर गंगीला मिठी मारावीशी वाटत होती.

“गंगीताई, मघाशी आपण दोघीच होतो. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तवा भ्याव वाटला,” गंगी म्हणाली. “तो पण आधी सगळ्यांना बाहेर काढतो, मंग कडी लावतो.”