फुलामागचा अंगठा

पॉलिमर क्लेची कानातली ओव्हनमध्ये ठेवण्याआधी स्वरूपा त्यांवरून मऊ ब्रश फिरवायची, तान्ह्याचं तोंड पुसावं तसा. बोटाचा ठसा म्हणून राहू द्यायची नाही. तरी आज भाजून निघालेल्या प्रत्येक फुलामागे एक इवला अंगठा उमटला होता.

“मैत्री, हात लावलास ना गं?”

“आईशप्पथ मम्मी, नाही!”

लेकीच्या अंगठ्यावर ब्लेड लागल्याचा तिरपा व्रण होता. ठशातही तो होता.

स्वरूपाने एक फूल पॉलिश पेपरवर घासलं, आणि मैत्री किंचाळली. तिचा अंगठा सोलून लालभडक झाला होता.

स्वरूपाच्या हातून कागद गळाला. लेकीचा अंगठा तिने गार पाण्याच्या वाटीत धरला, तोच फोन वाजला. सांगवीच्या गिऱ्हाईक श्रद्धाताईंना गेल्या आठवड्यात पाठवलेल्या फुलांचं पार्सल सकाळीच मिळालं होतं.

“अगं, काय गोड फुलं केलीस! मागं तेवढा कुणाचा तरी ठसा राहिलाय बघ. असू दे, आमचे हे कंपनीतले, घरात छोटा ग्राइंडर आहेच. हे काय, लावलासुद्धा त्यांनी.”

“ताई, नको! थांबवा त्यांना!”

“काय म्हणतेस? मशीनच्या आवाजात काही ऐकूच येत नाही गं.”