जोड्या लावा

ज्या साली रोहिणीबाईंना पहिला नातू झाला, त्याच साली मोनिका त्यांच्या वर्गात आली. पोरीला समजायला वेळ लागे. वहीला ती हात लावायची नाही. दाराबाहेर साऱ्या वर्गाच्या चपला जोडीजोडीनं मांडत बसायची.

दर गुरुवारी विशेष शिक्षक दानीएल सर तिसगावहून मोटारसायकलवर यायचे. रांगेच्या टोकाला त्यांनी चपला काढल्या की बाईंची तक्रार तयार असायची.

"सर, तुमची मोनिका लई छळते बरं का. कालच्या पेपरात एक रेघ ओढली न्हाई."

"पेपरात काय हुतं?"

"जोड्या लावा."

सरांनी चपलांकडं बोट केलं. "सव्वीस लावल्यात की. एक तरी चुकलीय का? आन बाई, माझी ती गुरुवारपुरती. एरवी तुमचीच."

बाईंना हसू आलं. मार्क मात्र त्यांनी पुरे दिले.

यंदा जुलैत सरांच्या जागी नव्या मॅडम आल्या. दारातच त्यांनी विचारलं, "दानीएल सरांची मोनिका कुठली?"

"सरांची न्हवं, माझी," बाई म्हणाल्या. "आन मॅडम, तुमच्या चपला जरा अलीकडं काढा. गुरुवारी टोकाची तेवढी जागा ती मोकळी ठेवते."

दानीएल सर मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना वारले.