बिनकासऱ्याचा बैल

तान्ह्या पोळ्याला राळेगावातली सगळी पोरं चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत मैदानात आली होती. माझ्या लेकीच्या, सुरभीच्या बैलाला मात्र दोरीच नव्हती. वासराएवढा बैल, पोटात मोटर, तिच्या हातात रिमोट! "कासऱ्याबिगर कायचा बैल वं हा?" म्हणून बाबा सकाळपासून फणफणत होते. गेल्या वर्षी मी ट्रॅक्टर आणून त्यांची बैलजोडी विकली, तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत. ढोल वाजला. सुरभीने बटन दाबलं आणि बैल जो उधळला, तो पोरांमधून वाट काढत सरळ पाहुण्यांच्या खुर्च्यांवरच चालून गेला. "आबाजी, पाहा ना कसा पळून राह्यला!" ती आजोबांकडे पाहत ओरडली. "अबे, धरा ना त्याले कोणी!" म्हणत बाबा धोतर सावरत धावले, दोन्ही हात पसरून बैलापुढे उभे राहिले आणि वर्षभर न ऐकलेली ती बैलांना थांबवायची हाक मैदानभर घुमली, "होऽऽ राजा, होऽऽ!" बैल जागच्या जागी थांबला. टाळ्या, शिट्ट्या, एकच गलका! बाबांनी त्याच्या लाकडी पाठीवर थाप मारली आणि छाती फुगवून माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे लपलेल्या सुरभीचा अंगठा अजून रिमोटच्या थांबवायच्या बटनावरच होता. मी तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. बाबा जवळ आले, तिच्या कानाशी वाकले. "पोरी, पुढच्या खेपेस बटन जरा उशिरा दाबजो," ते म्हणाले, "एका हाकेत थांबणारा बैल म्या उभ्या जिंदगीत पाह्यला नाही."