बिनचूक बंदुका

मेलेला सैनिक खंदकातून हळूहळू वर आला, सगळ्या थिएटरने श्वास रोखला, आणि त्या शांततेत सासरे म्हणाले, "बंदुकीचा पट्टा चुकीचा आहे."

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग अख्खा कोपरा हसला. त्या हशात सैनिकाने तिघांचे गळे दाबले, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

शेजारी बसलेल्या जावयाने डोळे मिटून घेतले. सिनेमा त्याचा होता. आधीचाही त्याचाच होता, आणि त्याचीही अशीच वाट लागली होती.

जावई युद्धावरचे भुताचे सिनेमे काढायचा. सासरे वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. लग्न जमलं तेव्हा दोन्ही घरांना हा मोठा छान योग वाटला होता.

परतताना गाडीत सासऱ्यांनी उरलेल्या चुका सांगितल्या. सैनिकाच्या बंदुकीला जो पट्टा होता, तसले पट्टे युद्ध संपल्यावर निघाले. संगीन दुसऱ्याच सैन्याची होती. एका शिपायाने तर बंदूक उलट्या हाताने भरली. हे सांगताना त्यांचा चेहरा पोटभर जेवलेल्या माणसासारखा दिसत होता.

"आणि भूत कसं वाटलं, बाबा?" लेकीने मागे वळून विचारलं.

"कुठलं?" सासरे म्हणाले.

जावयाला ते फार लागलं. त्या भुताच्या नुसत्या जबड्यावर मेकअपवाल्याने आठवडा घालवला होता.

सासरी त्याच्या सिनेमांना त्यांच्या नावांनी कोणी ओळखत नसे. पहिल्याला सासूबाई 'तो अकरा गोळ्यांचा' म्हणत, कारण पाच गोळ्या मावणाऱ्या रायफलमधून त्यातल्या कॅप्टनने एका दमात अकरा झाडल्या होत्या. दुसरा आता 'तो पट्ट्याचा' होणार, हे गाडीतच ठरून गेलं. जावयानेही एक गोष्ट ठरवली. पुरस्कार मिळोत न मिळोत, या माणसाच्या तोंडून एकदा 'बरोबर' ऐकायचं.

आधी तो सरळ वाटेने गेला. तिसऱ्या सिनेमाचे सल्लागार व्हा, पडद्यावर तुमचं नाव माझ्याआधी टाकतो, म्हणाला. सासऱ्यांनी घाईघाईने हात झटकले. सगळं आधीच सांगून ठेवलं तर थिएटरात मी करायचं काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. सासूबाईंनी जावयाच्या ताटात आणखी एक पोळी वाढून विषय मिटवला.

मग जावई हट्टाला पेटला. जुन्या छायाचित्रांवर भिंग लावून बसू लागला. दस्ता कोणत्या लाकडाचा, संगीन कधी आखूड झाली, पट्ट्याची कडी कुठे असायची, हे तो झोपेत बडबडायचा आणि बायको उठून त्याच्यावर पाणी मारायची. डोळे झाकून बंदूक भरता येईपर्यंत त्याने नटांना संवाद दिले नाहीत. नायक म्हणाला की आपण प्रेमकथेतच बरे होतो.

बंदुका भाड्याने देणारा गृहस्थ जुना आणि अनुभवी होता. तो म्हणाला, "साहेब, लोक भुताला घाबरायला येतात. बंदुकीच्या बोल्टला कोण घाबरतं?"

"मी," जावई म्हणाला.

या सगळ्यात भुताकडे बघायला त्याला वेळच झाला नाही. ते त्याने मेकअपवाल्यावर सोपवलं. मोकळं रान मिळाल्यावर मेकअपवाल्याने जे काही केलं ते पाहून क्लॅप देणारी बाई पुन्हा सेटवर आली नाही.

पहिल्या खेळाला सासरे इस्त्रीचा कोट घालून आले. चष्मा पुसला, खुर्चीत पुढे सरकून बसले. जावई पडद्याकडे बघतच नव्हता. तो सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

पडद्यावर पहिली रायफल आली. सासऱ्यांचे ओठ उघडले, आणि मिटले. दुसरी आली. त्यांनी मान तिरकी केली, पट्टा पाहिला, कडी पाहिली, मान सरळ केली. हळूहळू त्यांची नजर हरवलेली किल्ली शोधावी तशी पडद्यावर फिरू लागली. दस्त्यावरून संगिनीवर, संगिनीवरून चापावर, पुन्हा दस्त्यावर. जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग खंदकातून ते वर आलं. थिएटर किंचाळलं. कोणी हसलं नाही. जावयाने अभिमानाने शेजारी पाहिलं, तर खुर्ची रिकामी होती.

म्हणजे काहीतरी इतकं भयंकर चुकलं होतं, की बोलून दाखवायचीही त्यांना लाज वाटली. लेकीच्या नवऱ्याची अब्रू राखायला म्हातारा उठून गेला. जावई वाकून वाकून रांगेतून बाहेर पडला.

सासरे बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर, सगळ्यात प्रखर दिव्याखालच्या बाकावर बसले होते. हातातला पॉपकॉर्नचा पुडा भरलेलाच होता.

"दस्ता?" जावयाने उभ्याउभ्याच विचारलं.

"बरोबर."

"संगीन?"

"बरोबर. त्याच वर्षाची."

"गोळ्या?"

"मोजल्या मी. पाच झाल्या की भरतात. सगळं बरोबर आहे, जावईबापू."

ज्या शब्दासाठी त्याने वर्ष घालवलं तो तीनदा कानावर पडला होता, आणि बोलणारा माणूस वाईट बातमी सांगायला आल्यासारखा दिसत होता.

"मग उठून का आलात, बाबा?" जावयाने शेजारी बसत विचारलं.

आतून पुन्हा एकदा सगळं थिएटर किंचाळलं. सासरे बाकावर सरकून जावयाला अगदी खेटून बसले, लेक आसपास नाही ना हे बघून घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एकही चूक सापडेना हो. मग नाइलाजाने भुताकडे बघावं लागलं."