करदोड्याचा चाकू

जुने घडीचे चाकू जमवणाऱ्या प्रफुल्लचा जीव मनिरामकाकांच्या चाकूवर जडला होता. शिंगाची मूठ, टोकाजवळ पाठ आत वळलेलं पातं. नवेगाव बांधच्या तलावात मासे धरायला जाताना काका तो करदोड्याला बांधत.

"पाण्यानं गंजून राहिला, काका. मी जपून ठेवतो."

"पाण्यातच तं लागते, बाबू."

तरी प्रफुल्ल मागतच राहिला. शेवटी काकांना नाही म्हणवेना. चाकू तेल लावून काचेच्या कपाटात गेला.

आज सकाळी काकांचं प्रेत तलावातून काढलं. दोन्ही पाय जाळ्यात गुरफटलेले होते.

थोड्या वेळानं त्यांची बायको, पार्वताबाई, प्रफुल्लच्या दारात आली.

"विळ्यानं जाळं तुटून नाही राहिलं, बाबू. तो चाकू घडीभर दे. वापस आणून देऊ."